स्विच उघडल्यावर करंट कुठे जातो?

(सार्वजनिक व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आजच्या विषयाचं नाव जरा जड आहे. ‘स्पंदित शक्तियंत्रणांमधील अतिउच्च विद्युतप्रवाहाचे खंडन.’ आयोजकांनी ते पत्रिकेत तसंच छापलं, आणि तरीही तुम्ही आलात. (हशा) ते नाव थोडा वेळ बाजूला ठेवू आणि ट्यूबलाइटपासून सुरुवात करू.

आता सगळीकडे एलईडी आले. पण तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी ती जुनी चार फुटी ट्यूब होती. लोखंडी चोक, आणि बाजूला अ‍ॅल्युमिनियमच्या डबीतला स्टार्टर. बटण दाबलं की ट्यूब एकदम लागायची नाही, दोनचार वेळा फडफडायची आणि मग लागायची. याचं कारण असं, की थंड ट्यूब २३० व्होल्टला पेटत नाही. आतल्या वायूतून करंट सुरू व्हायला बरंच जास्त व्होल्टेज लागतं. ते येतं कुठून? स्टार्टरमध्ये दोन धातूंची एक पट्टी असते. ती तापून वाकते आणि चिकटते, चोकमधून करंट वाहायला लागतो. मग पट्टी गार होते आणि सुटते. सर्किट तुटतं, आणि तुटण्याच्या त्या क्षणी चोक कित्येकशे व्होल्टचा दणका देतो. म्हणजे बघा, ट्यूब पेटते ती आतला छोटासा स्विच उघडल्यामुळे. भिंतीवरचं बटण तुम्ही आधीच दाबलेलं असतं.

आणि ती फडफड का? तर पट्टी सुटली त्या क्षणी एसी करंट नेमका शून्याजवळ असेल, तर चोककडे द्यायला काही नसतं. दणका फुसका जातो, स्टार्टर पुन्हा प्रयत्न करतो. हे ‘करंट शून्य असण्याचा क्षण’ प्रकरण लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावर सगळा खेळ आहे.

मला हा धडा नोकरीच्या पहिल्या वर्षी मिळाला. एका मोठ्या ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीचा रोध मोजायचा होता. साधं काम, १२ व्होल्टची बॅटरी जोडायची आणि करंट मोजायचा. मोजून झालं आणि मी हातानं वायर सुटी केली. बारा व्होल्टला कोण घाबरतं? मी तीन फूट मागे जाऊन बसलो. आमचे सीनियर म्हणाले, “जोडताना विचारलं नाहीस तरी चालेल, सोडताना विचारत जा.” (हशा) बॅटरी बाराच व्होल्टची होती हो. मला जे बसलं ते गुंडाळीनं दिलेलं होतं.

गुंडाळीत करंट वाहत असतो तेव्हा तिच्या भोवती चुंबकीय क्षेत्र असतं आणि त्या क्षेत्रात ऊर्जा साठलेली असते. हिशोब सोपा आहे: इंडक्टन्स गुणिले करंटचा वर्ग, भागिले दोन. करंट थांबवायचा म्हणजे ही ऊर्जा कुठेतरी जायला हवी. गुंडाळी व्होल्टेज तयार करते, आणि करंट जितक्या झटकन कमी करू पाहाल तितकं ते जास्त. शेतकरी मंडळींना हे वेगळं सांगायला नको. विहिरीपासून दोन हजार फूट पाइपलाइन आहे, पाणी जोरात चाललंय, आणि कुणी व्हॉल्व्ह फाडकन बंद केला तर काय होतं? लाइनला दणका बसतो, एखादा जोड फुटतो. वाहत्या पाण्याला वजन आहे, ते जागच्या जागी थांबत नाही. गुंडाळीतला करंट तसाच आहे. फरक इतकाच, की पाइप फुटायला मजबूत दणका लागतो, हवा फुटायला मिलिमीटरला तीनएक हजार व्होल्ट पुरतात.

म्हणून मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. मोठा करंट ‘तोडणं’ हा शब्दच फसवा आहे. करंट तोडता येत नाही, वळवता येतो. तुम्ही त्याला दुसरी वाट तयार ठेवली तर तो तिकडे जातो. नाही ठेवलीत तर तो स्वतःची वाट करतो, आणि ती वाट म्हणजे आर्क. हजारो अंश तापमानाचा, पेटलेला, वाहक वायू.

मग कुणी विचारेल, एवढी कटकट आहे तर गुंडाळीत ऊर्जा साठवायचीच कशाला? इथे स्पंदित शक्ती येते. कल्पना साधी आहे: ऊर्जा हळूहळू गोळा करायची आणि क्षणात सोडायची. एका सेकंदात गोळा केलेली ऊर्जा मिलिसेकंदात सोडली की शक्ती हजारपट. बहुतेक ठिकाणी यासाठी कपॅसिटर वापरतात. ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘काली-५०००’ नावाचं इलेक्ट्रॉन झोताचं यंत्र आहे. नाव ऐकून वर्तमानपत्रांत काय काय छापून येतं ते सोडा, काली म्हणजे ‘किलो अँपिअर लिनियर इंजेक्टर’. त्यात मार्क्स जनरेटर आहे. बरेच कपॅसिटर समांतर भरायचे आणि एकदम एकसर जोडून रिते करायचे. तिथे लागतो तो बंद होणारा स्विच. दोन गोळ्यांमधल्या वायूत ठिणगी पाडली की काम झालं. बंद करणं सोपं असतं, कारण तिथे ठिणगी तुमच्या बाजूनं असते.

पण कपॅसिटर जागा फार खातात. पाच टेस्लाच्या चुंबकीय क्षेत्रात एका घनमीटरला साधारण एक कोटी ज्यूल मावतात. कपॅसिटरची अख्खी बँक धरली तर त्याच जागेत त्याच्या दहाव्या भागाइतकीही ऊर्जा बसवणं कठीण जातं. म्हणून लोकांना गुंडाळीचा मोह होतो. ऑस्ट्रेलियात कॅनबेराला मार्क ऑलिफंट यांनी एक होमोपोलर जनरेटर बांधला. प्रचंड पोलादी चकत्या फिरवायच्या, त्यांत ५० कोटी ज्यूल साठवायचे, आणि दहा लाख अँपिअरच्या वर करंट काढायचा. मूळ हेतू कणांच्या त्वरकाचा होता, तो बारगळला, आणि लोक त्या यंत्राला ‘पांढरा ऑलिफंट’ म्हणू लागले. पण १९७० च्या दशकात त्याच यंत्रावर रेलगनचे प्रयोग झाले आणि तीन ग्रॅमचा प्लास्टिकचा तुकडा सेकंदाला ५.९ किलोमीटर वेगानं फेकला गेला. जनरेटर हळू, रेलगनला ऊर्जा हवी मिलिसेकंदात. मध्ये गुंडाळी. आणि गुंडाळीतला करंट रेलगनकडे वळवायला उघडणारा स्विच. सगळं अडतं ते या शेवटच्या शब्दावर.

आता स्विच उघडताना नेमकं काय होतं ते बघू. तांब्याचे दोन पृष्ठभाग एकमेकांना टेकलेत. ते दूर जाऊ लागले की शेवटी एका सूक्ष्म बिंदूवर सगळा करंट एकवटतो. तो बिंदू वितळतो, उकळतो, त्याची वाफ होते, आणि त्या वाफेतून करंट चालूच राहतो. व्हॅक्यूम इंटरप्टर नावाची चिनीमातीची बंद डबी असते, आत निर्वात. त्यात आर्कला दुसरा वायूच मिळत नाही, फक्त संपर्कांची धातूची वाफ. या आर्कवर पडणारं व्होल्टेज जेमतेम वीस-तीस व्होल्ट. समोर हजारो व्होल्टचा जोर असलेली गुंडाळी, आणि तिच्या वाटेत वीस व्होल्टचा अडथळा! हत्तीला सुतळीनं बांधल्यासारखं झालं. म्हणजे संपर्क वेगळे झाले तरी करंटला त्याचा पत्ताच नसतो.

एसीमध्ये निसर्गच मदतीला येतो. पन्नास हर्ट्झचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यातून जातो. शून्य झाला की वाफेला पोसणारं कुणी नाही, ती काही मायक्रोसेकंदांत भांड्याच्या भिंतीवर गोठते आणि वाट बंद. सबस्टेशनमधला ब्रेकर खरं तर करंट मारत नाही, तो मरायची वाट बघतो आणि पुन्हा उठू देत नाही.

डीसीमध्ये तो शून्याचा क्षणच नाही. मुंबईची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला विजेवर धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि पुढे जवळजवळ नव्वद वर्षं मुंबईत डीसी होता. तिथले ब्रेकर आर्कला चुंबकानं वर फुंकून पातळ पट्ट्यांच्या जाळीत ढकलायचे. आर्क लांबतो, त्याचे तुकडे होतात, गार होतो, आणि त्याचं व्होल्टेज दीड हजारांच्या वर गेलं की करंट हटतो. दीड हजाराला हे जमतं. वीस हजार व्होल्ट आणि वीस हजार अँपिअरला ही जाळी घराएवढी होईल.

(एका श्रोत्यानं विचारलं, घराच्या गच्चीवर सोलर बसवलंय, त्याला साधा एमसीबी चालेल का?)

नाही, अजिबात नाही, आणि बरं झालं विचारलंत. पॅनेलकडून येतो तो डीसी, काहीशे व्होल्टचा. फक्त एसीसाठी बनलेला एमसीबी शून्याची वाट बघत बसतो, ते शून्य कधी येत नाही, आणि आतला आर्क डबीच जाळतो. डीसीसाठी म्हणून मिळतो तोच लावा. आणि भर उन्हात, लोड चालू असताना पॅनेलचा कनेक्टर ओढून काढू नका. आधी इन्व्हर्टर बंद.

बरं. निसर्ग शून्य देत नसेल तर आपण तयार करायचं. याला मी ‘उलटा धक्का’ म्हणतो. कल्पना करा, गुंडाळीत २०,००० अँपिअर चाललेत, स्विचमधून. स्विचला समांतर एक रेझिस्टर आहे. स्विच बंद असताना त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. आता संपर्क थोडे उघडायचे. आर्क चालू. मग शेजारी भरून ठेवलेला एक कपॅसिटर त्याच स्विचमधून उलट्या दिशेनं सोडायचा. कपॅसिटर २०० मायक्रोफॅरडचा, ५,००० व्होल्टला भरलेला, वाटेत १० मायक्रोहेन्री. गणित केलंत तर शिखर सुमारे २२,००० अँपिअर येतं. म्हणजे पन्नासएक मायक्रोसेकंदांत स्विचमधला वीस हजार सरळ आणि वीस हजार उलट, बेरीज शून्य. तेवढ्या क्षणात वाफ गोठते. गुंडाळीतला करंट मात्र वीस हजारच आहे! त्याला काही कळलेलंच नाही. तो आधी कपॅसिटरमध्ये शिरतो, तिथे व्होल्टेज चढतं, आणि मग रेझिस्टरमधून जायला लागतो. रेझिस्टर ०.२ ओहमचा असेल तर त्याच्यावर ४,००० व्होल्ट. गुंडाळी ०.१ हेन्रीची असेल तर अर्ध्या सेकंदाच्या हिशोबानं करंट ओसरत जातो.

यातली मला आवडणारी गोष्ट सांगतो. गुंडाळीत दोन कोटी ज्यूल आहेत. कपॅसिटरमध्ये फक्त अडीच हजार. आठ हजारांत एक भाग! एवढ्याशा ऊर्जेनं एवढी ऊर्जा वाट बदलते, कारण आपण तिच्याशी भांडत नाही. पण वेळ चुकली तर? कपॅसिटर लवकर सुटला, संपर्क पुरेसे लांब गेलेले नाहीत, तर आर्क पुन्हा पेटतो, आणि कपॅसिटर रिकामा झालेला असतो. दुसरा धक्का द्यायला काही उरत नाही. म्हणून अशा ठिकाणी एक राखीव स्विच ठेवतात, ज्याच्या आत चक्क स्फोटकं असतात. तांब्याची नळी स्फोटानं कापून टाकायची. एकदाच चालतो, पण चालतो. फ्रान्समध्ये उभ्या राहत असलेल्या ‘इटर’ या संलयन यंत्राच्या, ज्यात भारतही भागीदार आहे, मुख्य चुंबकांत ६८,००० अँपिअर आणि ४,१०० कोटी ज्यूल असणार आहेत. तिथे राखीव म्हणून असेच स्फोटक ब्रेकर आहेत.

आणि टोकामॅकमध्ये हा स्विच फक्त संकटासाठी नसतो. मधल्या मोठ्या गुंडाळीत करंट भरतात, मग तो झटकन रेझिस्टरकडे वळवतात. वळवताना जे व्होल्टेज उठतं त्यानं आतला विरळ वायू फुटतो आणि प्लाझ्मा सुरू होतो. ओळखीचं वाटतंय ना? चोक आणि स्टार्टर. अब्जावधी युरोंच्या यंत्राची सुरुवात तुमच्या स्वयंपाकघरातल्या ट्यूबसारखीच होते. (हशा)

लाखो अँपिअरच्या पुढे गेलं की यांत्रिक स्विच एकटा पुरत नाही. मग टप्पे करतात. पहिला स्विच मोठा, सुस्त, करंट बराच वेळ सांभाळणारा. तो उघडला की करंट शेजारच्या फ्यूजमध्ये जातो, वाळूत किंवा पाण्यात ठेवलेल्या तांब्याच्या पातळ पत्र्यात. पत्रा तापतो, वितळतो, फुटून वाफ होतो, रोध एकदम चढतो, आणि करंट पुढच्या वाटेला. तुमच्या सोसायटीच्या मीटररूममध्ये एचआरसी फ्यूज आहे ना, त्यातही वाळूच असते. उडालेला फ्यूज फोडून बघा, वाळूची काच झालेली दिसेल. याच्याही पुढे प्लाझ्माचा स्विच आहे. निर्वातात दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये प्लाझ्मा सोडायचा, तो क्षणभर करंट वाहतो आणि मग काही दहा नॅनोसेकंदांत तिथे पोकळी पडते. १९७७ मध्ये मेंडेल आणि गोल्डस्टाइन यांनी तो मांडला. अनेक प्रयोगशाळांनी त्याच्यामागे वर्षं घालवली, पण मोठ्या प्रमाणावर तो नेहमी सारखाच वागेल असा भरवसा देणं अवघड आहे. माझं मत विचाराल तर त्याच्यापेक्षा रशियात येकातेरिनबर्गला नव्वदच्या दशकात निघालेले सिलिकॉनचे उघडणारे डायोड जास्त कामाचे ठरले. करंट कमी, पण सेकंदाला शेकडो, हजारो वेळा न थकता.

आता शेवटची गोष्ट, जरा सविस्तर. इथे स्विच व्यवस्थित उघडला, तरी घोटाळा झाला.

जिनिव्हाजवळ जमिनीखाली २७ किलोमीटरच्या बोगद्यात एलएचसी आहे. त्याचे मुख्य चुंबक अतिवाहक, उणे २७१ अंशांना ठेवलेले. बोगद्याचे आठ भाग, प्रत्येक भागात १५४ मोठे चुंबक एकसर जोडलेले. पूर्ण करंट ११,८५० अँपिअर. एका भागातली ऊर्जा सुमारे ११० कोटी ज्यूल, म्हणजे सव्वातीन हजार लिटर थंड पाणी उकळीला आणण्याएवढी. कुठे अतिवाहकता गेली तर ही ऊर्जा बाहेर काढायची. त्यासाठी स्विच उघडतात आणि करंट ०.०७५ ओहमच्या दोन स्टीलच्या रेझिस्टरकडे वळतो. करंट ओसरायला शंभर सेकंदांचा हिशोब. इतका वेळ का? दहा सेकंदांत काढायचा म्हटलं तर अठरा हजार व्होल्ट उठतील, आणि चुंबकांचं इन्सुलेशन तेवढं सोसत नाही. वेग आणि व्होल्टेज, एक वाढवलं की दुसरं वाढणारच. चुंबक स्वतः जळू नये म्हणून त्यातले हीटर पेटवून सगळी गुंडाळी एकसारखी तापवतात, आणि त्या हीटरचे कपॅसिटरवर चालणारे वीजपुरवठे हजारोंच्या संख्येनं भारतानं पुरवले आहेत.

१० सप्टेंबर २००८ ला पहिला झोत फिरला. जगभर टाळ्या. १९ सप्टेंबरला एका भागात झोत नसताना करंट चढवून बघत होते. ८,७०० अँपिअरला दोन चुंबकांमधला एक जोड तापला. जोडाचा रोध होता साधारण २०० नॅनोओहम. ओहमचे शंभर कोटी भाग करा, त्यातले दोनशे. उष्णता किती? पंधरा-सोळा वॅट. घरातला एलईडी बल्ब. पण तिथे तेवढीही पुष्कळ. जोड तापला, शेजारच्या केबलची अतिवाहकता गेली, आणि एका सेकंदाच्या आसपास जोड वितळून उघडला.

म्हणजे नको तिथे, नको तेव्हा, एक स्विच उघडला! खरे स्विच उघडले होते हो. रेझिस्टर वाटेत आले होते. पण त्यांचा हिशोब शंभर सेकंदांचा. या फटीला वाट होती फक्त आर्कची. आर्कनं हेलियमच्या नळीला भोक पाडलं, द्रव हेलियमचा वायू झाला, एकूण सहा टनांच्या आसपास हेलियम गेलं, आणि त्या दाबानं कित्येक टनांचे चुंबक पायातून उखडून सरकले. ५३ चुंबक वर काढावे लागले. यंत्र पुन्हा सुरू झालं नोव्हेंबर २००९ मध्ये. कुणाला इजा झाली नाही, कारण करंट चढवताना बोगद्यात माणूस नसतो.

दोष दिसला का नाही? कारण जोडण्यांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा एक व्होल्टला जागी होणार होती, आणि त्या जोडावर होते सुमारे दोन मिलिव्होल्ट. नंतर बसवलेली यंत्रणा ०.३ मिलिव्होल्टला जागी होते. रेझिस्टर बदलून ओसरण्याचा काळ शंभरावरून पन्नास सेकंदांवर आणला, आणि ते परवडावं म्हणून यंत्र निम्म्या ऊर्जेवर चालवलं. हिग्ज बोसॉन २०१२ मध्ये सापडला तो अशा कमी करंटवर चालणाऱ्या यंत्रात.

मग २०१३ मध्ये यंत्र बंद करून दहा हजारांहून जास्त जोड उघडले. काही काढून पुन्हा जोडले. आणि चांगल्या-वाईट सगळ्याच जोडांच्या अंगावर तांब्याच्या जाड पट्ट्या डाखल्या. अतिवाहक चालू असताना त्या पट्ट्यांतून काहीच जात नाही. जोड गेला, तर मुख्य स्विच आपलं काम संपवेपर्यंत करंटनं त्या तांब्यातून जायचं. २०१५ मध्ये यंत्र ६.५ टेराइलेक्ट्रॉनव्होल्टला सुरू झालं, २०२२ पासून ६.८ ला चालतं. पट्ट्या अजून तिथेच आहेत.